विश्लेषण : दक्षिण अमेरिकेत ‘जशास तसे’ व्हिसा, भुर्दंड कोणाला?

ब्राझीलने १० एप्रिल २०२५ पासून अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना पुन्हा व्हिसा सक्तीचा केला. ई-व्हिसाचे शुल्क ८०.९० डॉलर. २०१९ मध्ये ब्राझीलने दिलेली सवलत एकतर्फी होती. या देशांनी ब्राझीलच्या नागरिकांना व्हिसामाफी दिली नाही, हे त्यामागचे कारण.

अशा शुल्काने काही साधते का?

चिली अमेरिकी प्रवाशांकडून सँटियागो विमानतळावर १६० डॉलर घेत असे. २०१४ मध्ये चिलीला अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत स्थान मिळाले आणि हे शुल्क बंद झाले. शुल्कामुळेच सवलत मिळाली असे नाही. पण सोडायला हातात काहीतरी होते. अर्जेंटिनाही १६० डॉलर घेत होता. २०१६ मध्ये बराक ओबामांच्या दौऱ्याच्या वेळी त्याने वसुली थांबवली. अर्जेंटिनाच्या नागरिकांना मात्र अमेरिकेचा व्हिसा लागतच राहिला.

भारतीयांचे काय?

अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पर्यटकांना पेरू, कोलंबिया आणि २०२५ पासून अर्जेंटिनाही अटींसह वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश देतात. सोय चांगली आहे. पण भारतीय पासपोर्टची पत यात अमेरिकी वकिलात ठरवते. तिथे नकार मिळालेल्या प्रवाशाला लिमाचीही वाट लांबची. ‘जशास तसे’ निदान दोन देशांतला थेट हिशेब असतो. भारतानेही या देशांशी तसाच थेट करार मागायला हवा.

जाण्याआधी एवढे करा : ब्राझील किंवा पेरूहून परतताना भारतात पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र लागते. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. अन्यथा परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते.