तट्टूला कोणतं गवत घालायचं?

दोस्तांनो, आमच्या चौथीच्या वर्गात भिंतीवर प्राण्यांचा तक्ता आहे. त्यात शेटलंडचं एक तट्टू आहे. बुटकं, केसाळ, पोट टम्म. मुलं म्हणतात, "बाई, कसलं गुटगुटीत आहे ना!" पण असं तट्टू पाळणारा माणूस मात्र ते पोट पाहून कपाळाला हात लावील.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडची बेटं. थंडी, सोसाट्याचा वारा आणि खुरटं गवत. तिथली तट्टं किनाऱ्यावरचं समुद्रशेवाळ खाऊनही तगली. उंची फार तर ४२ इंच, पण ताकद दांडगी! ब्रिटनमध्ये १८४२ साली बायका आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला कायद्याने बंदी झाली. मग कोळशाच्या गाड्या ओढायला हीच तट्टं खाली नेली. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

तर अशा जिवाला थोडंसं खाणंही अंगी लागतं. त्याला रोज पोटभर कोवळं, गोड गवत घातलं तर? चरबी तर वाढतेच, पण खरा घात होतो खुरांचा. खुराच्या कवचाला आतलं हाड नाजूक पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं असतं. लठ्ठ तट्टूच्या पोटात साखर फार गेली की रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि ते पापुद्रे सैल पडतात. हाड जागचं सरकतं. याला म्हणतात लॅमिनायटिस. बिचारं पुढचे पाय पुढे टाकून, टाचांवर भार देऊन उभं राहतं. एक पाऊल टाकवत नाही. कधी कधी तर ते वाचतही नाही.

मग उपाशी ठेवायचं का? छे, छे! घोड्याच्या पोटात आम्ल सारखं तयार होत असतं. तोंड तासन् तास रिकामं राहिलं तर पोटात व्रण पडतात. शिवाय लठ्ठ तट्टूला उपास घडला तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि जिवावर बेततं. म्हणून खाणं बंद करायचं नाही, गवत बदलायचं.

फुलोऱ्याआधी कापून वाळवलेलं गवत मऊ, पानांनी भरलेलं, पौष्टिक असतं. ते दूध पाजणाऱ्या घोडीला द्यावं. आपल्या गोलू तट्टूला बी धरल्यावर कापलेलं, काड्याकाड्यांचं भरड गवत बरं. ते चावायला वेळ लागतो आणि अंगी कमी लागतं. लसूणघास नकोच. पण भरड म्हणजे खराब नव्हे हं! बुरशी आणि धूळ अजिबात चालत नाही.

गंमत म्हणजे साखर डोळ्यांना दिसत नाही. भरड गवतातही ती कधी कधी लपलेली असते. खात्री करायची तर गवत प्रयोगशाळेत तपासावं लागतं. ते जमलं नाही तर गवत स्वच्छ पाण्यात भिजवतात. थोडी साखर पाण्यात उतरते आणि ते पाणी फेकून देतात. उन्हाळ्यात फार वेळ भिजवलं तर मात्र आंबतं. भिजवताना क्षारही जातात, ते वेगळे द्यावे लागतात.

आणि किती घालायचं? २०० किलोच्या तट्टूला वजन उतरवायचं असेल तर दिवसाला साधारण ३ किलो वाळलेलं गवत, तेही डॉक्टरांना विचारून. बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगलं की ते घास घास ओढत बसतं.

तट्टू ठीक आहे का, हे हातानं कळतं. बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. हे सांगितल्यावर आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी आधी स्वतःच्याच बरगड्या चाचपल्या!