मूल रुळले असे म्हणण्यापूर्वी

सिग्मंड फ्रॉइड यांच्या सिद्धान्तांपैकी आज काय उरले आहे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ईडिपस गंडाच्या भवितव्यावरून दिले जाते. आईविषयीची ओढ आणि वडिलांशी स्पर्धा हे प्रत्येक बालकाच्या वाढीतील अटळ वळण आहे, ही त्या गंडामागील कल्पना प्रायोगिक कसोटीवर फारशी टिकली नाही, आणि त्यामुळे मनोविश्लेषणाची सारी परंपराच मोडीत काढण्याची घाई केली जाते. ही घाई अन्यायाची आहे. आईवडिलांशी असलेले नाते ही बालकाची स्वतंत्र गरज आहे, त्या नात्यात खंड पडल्याचे दुःख अगदी लहान मुलालाही होते आणि ते रडण्याइतकेच गप्प राहण्यातूनही प्रकट होते, हे या परंपरेने विसाव्या शतकाला दाखवून दिले. यांतील शेवटचा मुद्दा तर मुले सांभाळणाऱ्या संस्थांच्या अंगवळणी अजूनही पडलेला नाही.

खुद्द फ्रॉइड या विचारापाशी उशिराच पोहोचले. आई भूक भागवते म्हणून बाळ तिच्याकडे ओढले जाते, अर्थात प्रेम अन्नाच्या मागून येते, अशी त्यांची आरंभीची मांडणी होती. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सुखतत्त्वाच्या पलीकडे’ या अर्थाच्या शीर्षकाच्या पुस्तकात मात्र त्यांनी आपल्या दीड वर्षाच्या नातवाच्या एका खेळाची नोंद केली आहे. दोरा बांधलेले लाकडी रीळ हा मुलगा पडदा लावलेल्या खाटल्याच्या कडेवरून आत टाकी, ते दिसेनासे झाले की ‘गेले’ अशा अर्थाचा लांबट उद्गार काढी, आणि दोरा ओढून ते परत आणले की आनंदाने त्याचे स्वागत करी. आई घराबाहेर पडताना तो रडत नसे आणि गुणी मूल म्हणून त्याचे कौतुक होई. फ्रॉइड यांनी मात्र त्या न रडण्याचा माग या खेळापर्यंत काढला आणि आईचे जे जाणे-येणे मुलाच्या हाती नव्हते ते ते मूल रिळाच्या रूपाने आपल्या हाती घेत आहे, असा त्याचा अर्थ लावला. पुढे १९२६ मध्ये त्यांनी प्रिय व्यक्ती गमावण्याच्या भयालाच चिंतेच्या विवेचनात मध्यवर्ती स्थान दिले.

या सूत्राला प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड मिळाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. त्यांची कन्या अ‍ॅना फ्रॉइड आणि सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी १९४१ ते १९४५ या काळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धामुळे घरापासून तुटलेल्या मुलांसाठी बालगृहे चालवली. तेथील एक बदल आजही अभ्यासण्याजोगा आहे. सुरुवातीला सर्व मुले एकत्र, पाळीपाळीने येणाऱ्या सेविकांच्या हाती असत. नंतर त्यांचे छोटे ‘कुटुंब’गट पाडून प्रत्येक गट एकेका सेविकेकडे सोपवण्यात आला. त्याबरोबर हेवेदावे, रडारड आणि हट्ट वाढले, पण त्याच काळात मुलांच्या वाढीनेही वेग घेतला. ज्याच्यावर हक्क सांगावा असे माणूस मिळाले म्हणून मुले भांडू लागली होती, आणि वरवर पाहता बिघडलेली शिस्त हीच सुधारणेची खूण होती.

या बालगृहात भट्टी पेटती ठेवण्यापासून पडेल ते काम करणाऱ्यांत जेम्स रॉबर्टसन हे तरुण गृहस्थ होते. मुलांविषयी जे दिसेल ते कार्डावर टिपून ठेवण्याची शिस्त तेथे प्रत्येक कर्मचाऱ्याला लावलेली होती, आणि तीच पुढे त्यांचे आयुष्यभराचे साधन ठरली. १९४८ मध्ये ते टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांच्याकडे रुजू झाले आणि रुग्णालयांतील मुले पाहू लागले. त्या वेळी ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत आईवडिलांना आठवड्यातून एखाद्या दिवशी तास-दोन तासच भेटू देत, कारण भेटीनंतर मुले रडतात आणि भेट टाळली तर लवकर शांत होतात, असा डॉक्टर व परिचारिकांचा अनुभव होता. अनुभव खोटा नव्हता; त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. रॉबर्टसन यांना त्या शांततेआधी आणि नंतर तीन अवस्था दिसल्या: प्रथम आकांत, मग आशा सुटल्यावर येणारे नैराश्य आणि अखेरीस अलिप्तता, जिच्यात मूल खेळते, खाते, कोणाकडेही जाते, पण आई आली तरी तिच्याकडे वळत नाही. या तिसऱ्या अवस्थेलाच रुग्णालये मूल रुळल्याचे लक्षण मानत होती.

शब्दांनी कोणाला पटत नाही असे पाहून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १९५२ च्या ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टु हॉस्पिटल’ या चित्रपटात बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेली, सुमारे अडीच वर्षांची लॉरा दिसते. सोयीचे मूल निवडल्याचा आक्षेप येऊ नये म्हणून तिची निवड यदृच्छेने झाली होती, आणि सोयीचे क्षण टिपल्याचा आक्षेप येऊ नये म्हणून चित्रण ठरलेल्या वेळी, भिंतीवरचे घड्याळ चौकटीत ठेवून केलेले होते. लॉरा वयाच्या मानाने विलक्षण संयमी होती आणि म्हणूनच तिच्यावर झालेला परिणाम अधिक बोलका ठरला: ती फारशी रडत नाही, आपले अस्वल आणि पांघरूण घट्ट धरून बसते, मधूनच आवाज न चढवता आईची चौकशी करते, आणि घरी जाताना आईचा हात धरायला नकार देते. काही महिन्यांनी या चित्रपटाचा शेवटचा भाग तिच्या नजरेस पडला, तेव्हा इतका वेळ तू कुठे होतीस, असे आईला रागाने विचारून ती रडत वडिलांकडे वळली. रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमधील डॉक्टरांना हा चित्रपट म्हणजे आपल्या व्यवसायाची बदनामी वाटली. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरील निर्बंध उठवण्याची शिफारस केली, तरी प्रत्येक वॉर्डाचे दार उघडायला आणखी बराच काळ जावा लागला.

या निरीक्षणांना सिद्धान्ताचे रूप बोल्बी यांनी दिले, आणि ते देताना त्यांना आपल्याच गुरुजनांशी फारकत घ्यावी लागली. १९३८ मध्ये मेलनी क्लाइन यांच्या देखरेखीखाली ते एका तीन वर्षांच्या मुलावर उपचार करत असताना, त्याच्या अतिशय चिंताग्रस्त आईशी बोलायला क्लाइन यांनी मनाई केली, कारण त्यांच्या मते उपचाराचा विषय मुलाच्या अंतर्मनातील कल्पना हा होता. काही महिन्यांतच त्या आईला मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. मुलाच्या आयुष्यात खरोखर काय घडले याला महत्त्व आहे, हा बोल्बी यांचा आग्रह अशा अनुभवांतून घट्ट झाला. १९५८ च्या निबंधात त्यांनी असे मांडले की रडणे, बिलगणे, हसणे आणि मागे मागे जाणे ही बाळाची उपजत वर्तने असून त्यांतून विशिष्ट व्यक्तीशी अनुबंध, म्हणजे संकटात जिच्याकडे धाव घ्यावी आणि जिच्या भरवशावर जग पाहायला निघावे अशा व्यक्तीशी टिकाऊ भावनिक नाते, तयार होते आणि ते भुकेवर अवलंबून नसते. त्याच सुमारास अमेरिकेत हॅरी हार्लो यांच्या प्रयोगांतील माकडांची पिल्ले दूध देणाऱ्या तारेच्या ‘आई’ऐवजी मऊ कापडाच्या ‘आई’ला बिलगून राहत असल्याचे दिसले. अ‍ॅना फ्रॉइड आणि रेने स्पिट्झ यांनी बोल्बींवर टीका केली, अनेक मनोविश्लेषकांनी त्यांना जवळपास परके मानले. तरीही लहानपणी अनुभवलेले आईवडील माणूस मनात घेऊन वावरतो आणि पुढची नाती त्या साच्यातून पाहतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा मनोविश्लेषणाचाच होता. परंपरा जिवंत असल्याचा पुरावा म्हणून या वादाकडे पाहायला हवे.

या सिद्धान्ताचा दुरुपयोगही झाला आणि तो नोंदवणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी बोल्बी यांनी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालाचा आधार घेऊन नोकरी करणाऱ्या स्त्रियांना दोषी ठरवण्यात आले आणि वडिलांची जबाबदारी कित्येक दशके दुय्यम राहिली. मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत केलेल्या निरीक्षणांत मात्र बाळे आईखेरीज इतरांशीही अनुबंध जोडत असल्याचे आढळले होते. आजी, आत्या, मोठी बहीण यांच्या अंगाखांद्यावर मुले वाढतात अशा समाजात हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज भासू नये, पण सिद्धान्ताचा संकुचित अर्थ लावणाऱ्यांना ते सांगावे लागते.

महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांच्या सामान्य बालविभागात आई मुलाच्या खाटेवरच झोपते, त्यामुळे लॉराची गोष्ट येथे लागू नाही असे वाटेल; पण अतिदक्षता विभागाच्या दाराशी तोच जुना नियम अनेकदा भेटतो. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १.८ किलोपेक्षा कमी वजनाच्या नवजात बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या अंगाशी ठेवले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांऐवजी १२ टक्के राहिले. या बाळांच्या जगण्यात ऊब, स्तन्य आणि जंतुसंसर्गापासून बचाव यांचाही वाटा असणार, हे खरे. परंतु आईला दाराबाहेर ठेवणे म्हणजे बाळाचे रक्षण करणे, हे गृहीतक त्यामुळे निराधार ठरते.

खरी परीक्षा रुग्णालयाबाहेर आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, कारखान्यांकडे निघतात आणि शाळकरी मुलांचा प्रश्न दर हंगामात नव्याने उभा राहतो. फडावर नेले तर शाळा सुटते, मागे ठेवले तर आईवडील पाच-सहा महिने दुरावतात. ही निवड आईवडिलांनी हौसेने केलेली नसते, म्हणून तिचा दोषही त्यांच्या माथी मारता येत नाही. हंगामी वसतिगृहांच्या योजनेत पटसंख्या आणि जेवण यांचा हिशेब राहतो, पण रात्री दचकून उठलेल्या सात वर्षांच्या मुलाने कोणाला हाक मारायची याचा राहत नाही. जेथे मुले वसतिगृहात जेवून रात्री आजीकडे झोपायला जातात, तेथे तपासणी करणाऱ्याला ती पळवाट वाटू शकते. अनुबंधाच्या दृष्टीने मात्र ती योजनेची सर्वांत शहाणी बाजू आहे आणि अनुदान त्या आजीपर्यंतही पोहोचायला हवे. पहिलीपासून निवासी असलेल्या आदिवासी आश्रमशाळांतही हॅम्पस्टेडचा धडा लागू आहे: दहा-बारा लहान मुलांमागे वर्षभर तीच एक बाई असावी, आईवडिलांच्या भेटीला वार-वेळेचे बंधन नसावे, आणि सुट्टीनंतर परतलेली मुले रडली तर ते व्यवस्थेचे अपयश मानू नये. परतल्यावर एकही मूल रडत नसेल, तर अधीक्षकांनी त्या शाळेची अधिक बारकाईने चौकशी करावी.