हेडफोन घेताना : आवाज, आराम आणि आपले कान

बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतले घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, आला-गेलाही तिथेच. सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत. त्या वेळी सगळी चाळ झोपलेली असे. ही हकिकत जयंतीच्या जवळजवळ प्रत्येक भाषणात येते. वक्ते तिच्यातून जिद्द सांगतात आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. अभ्यासाला शांतता लागते आणि गरिबाच्या घरात ती झोप देऊन विकत घ्यावी लागते.

आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे ओळखले होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी इथे मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. बोर्डिंग म्हणजे नुसते दोन वेळचे जेवण नव्हे. पुस्तक उघडून बसायला जागा आणि आजूबाजूला अभ्यास करणारी मुले, हेही त्यात आले.

आज आमच्या वस्त्यांतून एका खोलीच्या दोन झाल्या, कुठे तीनही झाल्या. शांतता मात्र वाढली नाही. मुलगी मोबाइलवर राज्यघटनेचे व्याख्यान ऐकते, त्याच वेळी आजीची मालिका चालू असते, नळाला पाणी आले म्हणून बादल्या वाजतात आणि दाराशी रिक्षा घरघरत उभी असते. आमच्या विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेतही हेच. वीस मुले-मुली आणि वीस मोबाइल. तेव्हा वर्गणीतून अभ्यासिकेसाठी चांगले हेडफोन घ्यावेत असे ठरले आणि बैठकीत दोन तट पडले. तरुणांचे म्हणणे, घ्यायचेच तर जगातले उत्तमोत्तम घ्या. आपण काय कायम हलक्यावरच भागवायचे? वडीलधारे म्हणाले, तीनशे रुपयांचा काय आणि लाखाचा काय, ऐकू येण्याशी मतलब. दोन्ही बाजूंत थोडे-थोडे तथ्य आहे. म्हणून आम्ही चारदोन ठिकाणांहून हेडफोन मिळवले, तीन रविवार ते मुलांच्या कानांवर चढवून पाहिले आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

बंद पाठीचा म्हणजे कसा?

मोठ्या हेडफोनच्या दोन जाती आहेत. एकात कानावरच्या वाटीची पाठ जाळीची असते. हवा आरपार खेळते, त्यामुळे आवाज मोकळा वाटतो. पण घरातला गोंगाट आत येतो आणि आपले ऐकणे शेजाऱ्यालाही ऐकू जाते. दुसऱ्यात पाठ बंद असते. दुकानदार त्याला ‘क्लोज्ड-बॅक’ म्हणतात. आवाज नोंदवणारे लोक बहुतेक हाच वापरतात, कारण कानातला आवाज बाहेर फुटला तर तो पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. कोल्हापूरला हे काम नवे नाही. १९२९ साली प्रभात कंपनी इथेच उभी राहिली आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट इथेच तयार झाला.

बंद पाठीत एक अडचण असते. पडद्याच्या मागच्या बाजूने निघालेला आवाज बंद वाटीच्या भिंतीवर आपटून परत कानाकडे येतो. त्यामुळे स्वस्त नगात आवाज डब्यातून आल्यासारखा घुमतो. महाग नगातला पुष्कळसा पैसा हे घुमणे मारण्यासाठीच खर्ची पडलेला असतो. झेनहायझर कंपनीच्या २०१८ सालच्या एचडी ८२० ची पाठ बाकदार काचेची आहे. मागे गेलेला आवाज त्या काचेवरून वळून कडेच्या पोकळीत जिरावा, ही त्यामागची कल्पना. डेनॉनने त्याच वर्षी काढलेल्या एएच-डी९२०० ची वाटी बांबूची आहे. पदार्थ निरनिराळे, हेतू एकच.

आम्ही काय ऐकले?

तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, स्पर्धा परीक्षेचे मोबाइलवरचे व्याख्यान. दुसरी, बाबासाहेबांची बी.बी.सी.ने १९५५ साली ध्वनिमुद्रित केलेली मुलाखत. तिसरी, एका जलसा मंडळाचे अलीकडचे ध्वनिमुद्रण, ज्यात दिमडी, ढोलकी आणि कोरस आहे. प्रत्येक वेळी आवाज कानाला सारखाच लागेल इतका ठेवला. हे फार महत्त्वाचे आहे. दुकानात जो हेडफोन मोठ्याने वाजवून दाखवतात तोच चांगला वाटतो, आणि तिथेच ग्राहक फसतो. किंमत कुणालाही सांगितली नाही.

स्टुडिओच्या कामाचे तीन नग मिळाले : सोनीचा एमडीआर-७५०६ (१९९१ पासूनचा), ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स (२०१४ चा) आणि बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो. असे नग साधारण दहा ते पंधरा हजारांच्या आसपास पडतात. शिवाय बंगळुरूला नोकरीला असलेले आमचे एक स्नेही जयंतीला गावी आले होते. त्यांना या गोष्टींचा नाद आहे. त्यांनी दोन भारी नग आणले : वर सांगितलेला एचडी ८२० आणि फोकल या फ्रेंच कंपनीचा २०१९ चा स्टेलिया. परदेशात पहिला २,३९९ डॉलरला आणि दुसरा २,९९९ डॉलरला बाजारात आला होता. म्हणजे आपल्याकडे दोन लाखांची गोष्ट.

जलशाचे ध्वनिमुद्रण लावले तेव्हा भारी नगांनी आपली किंमत दाखवली, यात शंका नाही. एचडी ८२० मध्ये गाणारा समोर, दिमडी एका अंगाला आणि कोरस मागे, असे अंतर स्पष्ट कळत होते. बंद पाठीचा हेडफोन कानावर आहे हे विसरायला होई. स्टेलियात शाहिराचा आवाज जवळचा आणि भरदार होता, ढोलकीचा खर्ज पोटात उतरे. स्टुडिओच्या नगांत सगळे ऐकू येत होते, पण अंतरे कमी. एमडीआर-७५०६ मध्ये शब्दाची धार जास्त, एम५०एक्समध्ये ठेका जास्त, तर डीटी ७७० मध्ये खर्ज खोल आणि वरचे सूर लख्ख.

व्याख्यान लावले आणि हे अंतर जवळजवळ पुसले गेले. शिकवणाऱ्याचा शब्द पाचही ठिकाणी नीट कळत होता. मोबाइलवर नोंदवलेल्या आवाजात जे मुळातच नाही, ते दोन लाखांचा हेडफोन कुठून आणणार?

बाबासाहेबांच्या मुलाखतीचा अनुभव सर्वांत वेगळा. जुन्या ध्वनिमुद्रणात खर्ज नाही आणि फार वरचे सूरही नाहीत. आहे तो मधला, माणसाच्या बोलण्याचा पट्टा. भारी नगात त्या आवाजामागची खरखर अधिक स्पष्ट झाली. साध्या स्टुडिओ नगात शब्द पुढे आले. पण कुठल्याही बंद हेडफोनमध्ये एक गोष्ट घडली, जी घरातल्या मोबाइलच्या स्पीकरवर कधी घडली नव्हती : बाबासाहेब बोलताना कुठे थांबतात, कुठल्या शब्दावर जोर देतात, हे कळले. ऐकून झाल्यावर बारावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, फोटोतले बाबासाहेब गंभीर दिसतात. इथे ते वाद घालतायत असं वाटतं.” इतके ऐकू आले तर हेडफोनचे पैसे वसूल.

आरामाचा हिशोब

आवाज पाच मिनिटांत पारखता येतो, आराम दोन तासांत. दुकानात पाच मिनिटे सगळेच मऊ लागतात.

पहिली गोष्ट वजन. सोनीचा सुमारे २३० ग्रॅम, बायरडायनॅमिकचा २७०, ऑडिओ-टेक्निकाचा २८५, एचडी ८२० चा ३६० आणि स्टेलियाचा ४३५. म्हणजे पैसे वाढले तसे डोक्यावरचे ओझेही वाढले. वजन पट्टीवर नीट वाटले गेले तर जाणवत नाही हे खरे. तरी मान खाली घालून वही लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला जड हेडफोन पुढे सरकल्याचे लगेच कळते.

दुसरी गोष्ट गादी. मखमली गादी उन्हाळ्यात सुसह्य, घाम कमी येतो. पण ती घाम शोषते आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही. चामड्यासारखी गादी गरम होते, पण आवाज जास्त अडवते आणि फडक्याने पुसता येते. घरात एकट्याने वापरायचा तर मखमल चांगली. दहा जणांनी वापरायचा तर पुसता येणारी. घामाने ही गादी वर्षा-दोन वर्षांत सोलपटते, म्हणून ती वेगळी मिळते का, हे घेण्याआधीच विचारावे.

तिसरी गोष्ट चष्मा. गादी कानाभोवती सगळीकडून टेकली तरच खर्ज टिकतो आणि बाहेरचा आवाज थांबतो. चष्म्याच्या काडीमुळे फट पडली की दोन्ही गेले. आमच्या अभ्यासिकेत निम्म्या मुलांना चष्मा आहे. बारीक काडीच्या चष्म्याला त्रास कमी, जाड काडीला अधिक. आंबाडा आणि जाड वेणी यांचाही विचार करावा. या वस्तू तयार करणाऱ्यांनी तो फारसा केलेला दिसत नाही.

चौथी गोष्ट मोबाइलची ताकद. हेडफोनवर ओहम नावाचा आकडा असतो. एचडी ८२० तीनशे ओहमचा आहे. मोबाइलला थेट जोडला तर आवाज दबका येतो, वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० अशा तीन प्रकारांत निघाला. मोबाइलवर ऐकायचे तर लहान आकडा घ्यावा.

कान हे आपले धन

आता मुख्य मुद्दा. चांगल्या बंद हेडफोनचा खरा उपयोग मोठा आवाज करण्यासाठी नाही, आवाज कमी ठेवण्यासाठी आहे. बाहेरचा गोंगाट अडला की लहान आवाजात भागते. तीनशेच्या ढिल्या नगात गोंगाट आत येतो, तो दाबायला मुलगा आवाज वाढवतो, आणि नुकसान तिथून सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त चार तास उरतात. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आणि कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. इचलकरंजीत यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या कामगाराच्या घरी जाऊन बसा. घरातली सगळी माणसे मोठ्याने बोलतात, कारण कर्त्या माणसाला हळू बोललेले ऐकूच येत नाही. तो गोंगाट त्याने पोटासाठी सोसला. त्याच्या मुलाने तोच हौसेने कानात भरून घ्यावा का?

गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे किंवा लाख ओतावी, अशी शिक्षा सांगितली आहे. तथागतांचा धम्म मात्र मुळात ऐकून टिकला. भिक्षूंनी तो शतकानुशतके कानाने घेतला आणि मुखाने पुढे दिला. ज्ञान ऐकण्याचा हक्क आपल्या कानांना फार मोठ्या लढ्याने मिळाला आहे. म्हणून १४ एप्रिलला डॉल्बीच्या भिंतीपुढे लहान मुले नाचताना पाहिली की आमचा जीव तुटतो. हा दोष सगळ्याच समाजांच्या मिरवणुकांत आहे, हे मान्य. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी सगळ्यांनाच घातली आहे. पण दुसरे मोडतात म्हणून आपण आपल्या मुलांचे कान का मोडावेत?

शेवटी काय घेतले?

दोन लाखांत पंधरा हजारांचे तेरा हेडफोन येतात आणि वर पाच हजार उरतात. हे गणित बैठकीत मांडल्यावर तरुणही हसले. स्टुडिओच्या जातीचे चार नग घेतले, पुसता येणाऱ्या गादीचे. वहीत नाव लिहून दोन तासांसाठी द्यायचे, परत येताच पुसायचे. मुलींनी जुन्या सुती साडीच्या खोळी शिवल्या. ज्याची खोळ त्याने घरी धुवायची. भारी नग वाईट नाहीत. ज्याला संगीताचा नाद आहे आणि ज्याच्या कष्टाचा पैसा आहे, त्याने अवश्य घ्यावेत. चांगली वस्तू आपल्यासाठी नाही, असे कुणी मनात आणू नये. मात्र वर्गणीचा पैसा चौघांच्या कानांवर बसला पाहिजे.

घरच्यांसाठी चार सूचना. दोन तास घालून पाहिल्याशिवाय किंवा परत घेण्याची हमी मिळाल्याशिवाय हेडफोन घेऊ नका. आवाज निम्म्याच्या थोडा वरपर्यंतच ठेवा आणि तासाला दहा मिनिटे कान मोकळे सोडा. रस्त्यावर, सायकलवर तो मुळीच घालू नका. आणि आयांनो, बंद हेडफोनचा आवाज बाहेर येत नाही, तेव्हा मुलगा किती मोठ्याने ऐकतो हे तुम्हाला शेजारी बसूनही कळणार नाही. अधूनमधून त्याच्या कानावरचा काढून स्वतःच्या कानाला लावून पाहा. तो कुरकुर करील, करू द्या.

जयभीम!