मोतीबिंदूच्या पडद्याआडचा काचबिंदू

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे इतकी जुळी आहेत की, सामान्य माणूस त्यांना एकाच विकाराची दोन रूपे समजतो. वस्तुतः मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते, तर काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टिनाडी क्षीण होत जाते. भिंग बदलता येते. नष्ट झालेले नाडीतंतू परत येत नाहीत. उतारवयात हे दोन्ही विकार एकाच डोळ्यात वस्तीस आले, म्हणजे खरी अडचण सुरू होते.

काचबिंदूची हानी बहुधा नजरेच्या मध्यबिंदूपासून दूर सुरू होते आणि रुग्णाला ती पुष्कळ काळ जाणवतही नाही. म्हणून दृष्टिक्षेत्र मोजावे लागते. कोपनहेगनचे नेत्रवैद्य यानिक ब्येरुम यांनी 1889 साली आपल्या तपासणीच्या खोलीतील दाराची पाठ या कामी वापरली होती! आज रुग्ण एका पांढऱ्या अर्धगोलासमोर बसतो, मधल्या खुणेवर नजर खिळवतो, आणि कोठेही प्रकाशाचा ठिपका चमकलेला दिसला की कळ दाबतो. नेहमीच्या एका पद्धतीत सहा-सहा अंशांच्या अंतराने 54 ठिकाणी असे ठिपके दाखवून, प्रत्येक ठिकाणी किती मंद प्रकाश दिसू शकतो याची नोंद होते.

परंतु हा ठिपका दृष्टिपटलावर पोचण्यापूर्वी भिंगातून जातो. भिंग गढूळ असेल तर प्रकाश विखुरतो, ठिपका फिकट पडतो आणि बहुतेक सर्वच ठिकाणची नोंद खाली येते. पिलोकार्पिनसारख्या औषधाने बाहुली आकुंचित झाली असेल, तर हा परिणाम अधिकच वाढतो. यंत्र सरासरी काढून देते. मात्र दोष नाडीचा की भिंगाचा, हे त्या सरासरीवरून कळत नाही.

यावर उपाय योजलेला आहे. चांगल्या दिसणाऱ्या ठिकाणांच्या आधारे सर्वत्र पसरलेली मंदता यंत्र वजा करते आणि उरलेले खळगे वेगळे दाखवते. मध्यबिंदूच्या वर किंवा खाली कमानीसारखा पसरलेला, आडव्या मध्यरेषेशी थबकणारा खळगा दिसला, तर संशय काचबिंदूवर जातो. तथापि या वजाबाकीवरही आंधळा विश्वास टाकणे गैर आहे. काचबिंदू फार वाढून सारे क्षेत्रच बुडाले असेल, तर ती बुडालेली पातळीच वजा होते आणि नकाशा फसवा स्वच्छ दिसू लागतो. म्हणून भिंग व दृष्टिनाडी प्रत्यक्ष पाहिल्यावाचून केवळ आकड्यावर निर्णय देऊ नये.

चुकीची किंमत रुग्ण मोजतो. मोतीबिंदूची मंदता काचबिंदूच्या खाती घातली, तर औषधे विनाकारण वाढतात, क्वचित काचबिंदूची शस्त्रक्रियाही पदरी पडते. आणि ती शस्त्रक्रियाच पुष्कळदा मोतीबिंदू लवकर वाढवते. याच्या उलट चूक अधिक भयंकर आहे. सारा दोष मोतीबिंदूवर ढकलला गेला, तर नाडीची झीज बिनबोभाट चालू राहते.

भारतात 1976 साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला त्यात प्रमुख स्थान मिळाले. हे योग्यच झाले. मात्र काचबिंदूही असलेल्या रुग्णाचे काम पट्टी सुटल्यावर संपत नाही. नवे भिंग बसताच जग उजळते, क्षेत्राची सरासरीही बहुधा सुधारते, आणि म्हातारा माणूस डोळा बरा झाला असे समजून थेंब घालणे सोडून देतो. काचबिंदूचे खळगे मात्र जागच्या जागी असतात. पडदा दूर झाल्याने कधीकधी ते अधिक स्पष्टही होतात.

शस्त्रक्रियेची जखम भरून आल्यावर दृष्टिक्षेत्र पुन्हा मोजणे, आणि पुढील तुलना त्या नव्या नोंदीशीच करणे, ही गर्दीच्या रुग्णालयातही चैन समजली जाऊ नये. जुन्या आणि नव्या नकाशांवर शस्त्रक्रियेची तारीख ठळक लिहिलेली असावी. काही वर्षांनी तेच कागद दुसऱ्या गावच्या डॉक्टरांपुढे येतात, आणि तारीख नसेल तर काचबिंदू मधल्या काळात आपोआप ओसरला असे त्यांना वाटण्याचा संभव असतो.