लोगो कंपनीचा, शिक्का आपला!

गळ्यात काय? आयकार्ड. टी-शर्टवर काय? कंपनीचा लोगो. सॅकवर, बाटलीवर, दिवाळीत मिळालेल्या मगवर? तोच लोगो. आता हे सगळं बाजूला ठेवा आणि सांगा, तुमचं स्वतःचं चिन्ह कुठलं? बोलती बंद ना!

माझी एक मैत्रीण चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. सहा वर्षं. मग एक मेल आला, आयकार्ड गेटवर जमा झालं आणि विषय संपला. संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशनखाली चहा पिताना ती म्हणाली, ‘‘अगं, सॅकवरचा लोगो उसवून टाकला. पण आता तिथे भोक दिसतंय.’’ मी म्हटलं, मग तुझा स्वतःचा लाव की! म्हणजे चक्क कोट ऑफ आर्म्स.

हा फंडा मूळचा युरोपातला, बाराव्या शतकातला. शिरस्त्राणात चेहरा झाकलेला, मग लढाईत माणूस ओळखायचा कसा? ढालीवरच्या चित्रावरून. आपल्याकडेही हे होतंच. लग्नात देवक बसवतात ना? कुणाचं कदंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोरपीस. ती कुळाची खूणच.

गंमत पुढे आहे. 1877च्या दिल्ली दरबारात ब्रिटिशांनी आपल्या राजेरजवाड्यांना चिन्हांकित निशाणं वाटली. ती चिन्हं रेखाटली होती बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलर या साहेबानं. थोडक्यात काय, संस्थानिकांनाही लोगो ‘वरून’च मिळाला!

याउलट शिवाजी महाराजांची राजमुद्रा बघा. अष्टकोनी, आणि तीही संस्कृतात, जेव्हा दख्खनच्या दरबारांत फारसीचा बोलबाला होता. त्यावर ना सिंह, ना तलवार. नुसते शब्द. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी आहे, असा त्यांचा आशय. म्हणजे ‘मी कोण’ यासोबत ‘मी कशासाठी’ हेही सांगून मोकळे! 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलाला नवा ध्वज मिळाला, तेव्हा त्यावरचा अष्टकोन याच मुद्रेवरून घेतला गेला.

तर आता तुमची पाळी. रूल्स सोप्पे आहेत:

रंग : सोनेरी-पांढऱ्यावर गडद, गडदवर सोनेरी-पांढरा. लांबून दिसलं पाहिजे. गाडीची नंबर प्लेट आठवा, तेच लॉजिक.

चिन्हं : जास्तीत जास्त तीन. एक घराचं, एक गावाचं, एक कामाचं. गरुड-सिंह सगळेच लावतात. आपल्या भागात टाळ आहे, वीणा आहे, गिअर आहे, पवना आहे. कमी आहे का?

ब्रीदवाक्य : दोन-तीन शब्द, आणि त्यात बढाई नको, वचन हवं.

नो एंट्री : अशोकस्तंभाचे सिंह वापरायचे नाहीत. त्यासाठी 2005चा कायदा आहे, बॉस!

मैत्रिणीनं काय केलं माहितीये? पांढऱ्या ढालीवर पवनेची निळी नागमोडी रेघ. वर घरच्या देवकाचं कदंबाचं पान. खाली व्हर्निअर कॅलिपर, कारण तिचे बाबा टर्नर होते आणि मापं घ्यायला तिला त्यांनीच शिकवलं. ब्रीदवाक्य, ‘मोजून बघ’. कोपऱ्यावरच्या स्टिकरवाल्याकडून कटिंग करून घेतलं. एक हेल्मेटवर, एक सॅकवर, बरोब्बर त्या भोकावर. नोकरी अजून शोधतेय. पण ‘सध्या काय करतेस?’ या प्रश्नाला आता ती खाली मान घालत नाही, स्टिकर दाखवते.

लोगो पगारासोबत येतो आणि पगारासोबत जातो. त्यात वाईट काही नाही, व्यवहारच तसा आहे. पण जे कॅलिपर वापरायला शिकवलं गेलं, ते गेटवर जमा करता येत नाही. या वीकएंडला मॉल राहू दे. एक कोरा कागद घ्या, आईला आपलं देवक विचारा. माहीत नसेल तर मावशीला फोन लावा. अर्धं काम तिथेच होईल.