मुंबई पाहायची तर बोरघाटाच्या पायथ्याशी या

दर हिवाळ्यात आपल्या मंडळातली बरीच कुटुंबे मुलांना घेऊन मुंबईला जातात आणि परतल्यावर मंडळाच्या अंकाकडे प्रवासवर्णने येऊ लागतात. त्यांत गेटवे असतो, भुलेश्वरच्या गल्ल्या असतात, लोकलच्या दारात लटकलेली माणसे असतात. सगळे खरेच. पण एवढ्यावर मुंबई समजली असे मानू नये. एवढ्याशा बेटावर इतकी माणसे जगतात कशी, याचे उत्तर बेटावर मिळत नाही. ते कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मिळते.

सुरुवात खोपोलीपासून करावी. इंद्रायणीच्या खोऱ्यातले, एरवी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी टाटांच्या कंपनीने वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांत अडवले, मोठ्या नळांतून घाटाखाली सोडले, आणि 1915 साली खोपोलीच्या वीजघरातली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे 1922 साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. वीज तयार झाल्यावरही हे पाणी कामी येतेच. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीला मिळते आणि त्याच नदीवर बदलापूरपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतची शहरे तहान भागवतात.

रेल्वेचेही तसेच. 1856 साली गाडी खोपोलीपर्यंत आली आणि डोंगरापाशी थांबली. त्याआधी घाट चढणारे प्रवासी इथेच, नाना फडणवीसांनी बांधवलेल्या तळ्याकाठी विसावा घेत. कर्जतहून घाट चढणारा लोहमार्ग 1863 साली खुला झाला. त्यात 25 बोगदे होते. 1861 च्या सुमारास या कामावर 42 हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि साथींत व अपघातांत त्यांतले हजारो मेले. ज्या सीएसएमटीच्या घुमटासमोर आपली मुले फोटो काढतात, ते उभे राहिले बोरघाट आणि थळघाट खुले झाल्यानंतर. त्या मजुरांची नावे कुठल्याही भिंतीवर नाहीत. याच कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे नाव दगडात कोरलेले आहे: बलक, कान्हाचा शिष्य.

सगळ्यांत अस्वस्थ करणारी जागा मोरबे धरणाच्या बाजूला आहे. खालापूर तालुक्यातले हे धरण नवी मुंबई महानगरपालिकेचे. तिथल्या टोलेजंग इमारतींच्या नळांना इथून पाणी जाते. धरणावरच्या डोंगरात, इरशाळगडाच्या कुशीत ठाकर आदिवासींची इरशाळवाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे सापडलीच नाहीत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावाची यंत्रे वर नेता आली नाहीत, जवान आणि गावकरी चिखल तुडवत पायी चढले. धरणामुळे दरड कोसळली असा आरोप इथे नाही. पण ज्या डोंगराखालून महानगराला जलवाहिनी जाते, त्याच डोंगरावरच्या वाडीला साधा रस्ता मिळू नये, हा अन्याय आहे. मुंबईचे वर्णन लिहिणाऱ्याने तो नोंदवायलाच हवा.

यावर कोणी म्हणेल, सुट्टी मोजकी, नातेवाईक फार, आणि कर्जत म्हणजे तर फार्महाऊस आणि धबधबे. नातेवाइकांचा मुद्दा मान्य. पण सीएसएमटीहून कर्जतची जलद लोकल सुमारे दोन तासांत पोहोचते. गर्दीच्या वेळी विमानतळापासून दक्षिण मुंबई गाठायलाही कधीकधी तेवढाच वेळ जातो. आणि फार्महाऊस हीही शहराचीच गरज आहे. तिच्यासाठी इथली भातशेती किती वेगाने विकली जाते आहे, हे गाडीच्या खिडकीतूनही दिसते.

तेव्हा पुढच्या सुट्टीत एक दिवस तरी राखून ठेवा. स्टेशनवर वडापाव खा, कोंडाण्याला जाताना गावातलाच वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी आधी ठरवून पुरती द्या. परतल्यावर अंकासाठी लिहाल, तेव्हा मुंबईच्या वर्णनात या दोन तालुक्यांना जागा द्या.