पापणीची बाजू

‘डोळे मिटू नकोस!’ हे मराठीतल्या अत्यंत निरुपयोगी वाक्यांपैकी एक वाक्य आहे. ‘रडू नकोस’ आणि ‘काळजी करू नका’ ही त्याची सख्खी भावंडं.

आमच्या घरासमोरच्या मैदानावर हे वाक्य सुट्टीत सकाळी साडेसहापासून ऐकू येतं. तिथले सर बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाला फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभं करतात. म्हणजे फलंदाजाच्या इतकं जवळ की त्याने चहा घेतलाय की कॉफी, ते वासावरून सांगता यावं. फलंदाज बॅट उचलतो, मुलगा अंग चोरतो आणि सर गरजतात, “बायकांसारखा भितोस काय?” (हे आमच्या सौ. गॅलरीतून ऐकतात. त्यावरचं त्यांचं मत छापण्याजोगं नाही.) मग औषध म्हणून चार पावलांवरून सीझनचा चेंडू दणादण मारायचा. याला म्हणे ‘भीती मोडणं’ म्हणतात! पोहायला शिकवायचं म्हणून विहिरीत ढकलायची आपली जुनी रीतच आहे. बुडालेल्यांची मतं कोणी विचारली नाहीत, म्हणून ती टिकली.

मी इथे पापणीचं वकीलपत्र घेतलंय. डोळ्यासमोर काही वेगाने आलं की पापणी मिटते, खांदे वर जातात, मान वळते. ही आज्ञा मनाकडून येत नाही. मेंदूच्या बुंध्याशी बसलेला एक इमानी पहारेकरी धन्याला उठवण्याआधीच दार लावून घेतो. शूर कोण, भित्रा कोण, हे त्याच्या गावीही नसतं. सरांच्या दारावरही तोच पहारा आहे. परवा मैदानावर नारळ फोडताना करवंटीचा टवका उडाला, तेव्हा सर कसे गर्रकन वळले ते सगळ्या पोरांनी पाहिलं. ‘बायकांसारखे’ असं मात्र कोणी म्हणालं नाही. संस्कार!

बरं, हिशेब पाहा. अंतर अडीच मीटर, बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग ताशी ९० किलोमीटर. चेंडू पोचायला एक दशांश सेकंद. आणि काही दिसल्यावर हलायला लागायला माणसाला लागतो साधारण एक पंचमांश सेकंद! म्हणजे बघू आणि मग हात नेऊ, हा व्यवहार तिथे चालतच नाही. हात आधीच खाली, वजन चवड्यांवर, नजर उघडी असेल, तरच काही हाती लागायचं. आता ज्याच्या बरगडीवर काल चेंडू बसला, त्याचा पहारेकरी आज दार उशिरा लावील की लवकर? प्रत्येक तडाखा त्याला सांगतो, ‘शाबास, तुझंच बरोबर होतं.’ सर भीती मोडत नाहीत. रोज सकाळी तिला खुराक घालतात.

यावर सरांचा हुकमी एक्का म्हणजे एकनाथ सोलकर. “तो कुठे हेल्मेट घालायचा?” अहो, घालणार कुठून? सोलकर शेवटची कसोटी खेळला १९७७ साली आणि हेल्मेटं डोक्यावर दिसू लागली त्याच सुमाराला. २७ कसोटींत ५३ झेल घेणारा, १९७१ साली ओव्हलवर ॲलन नॉटला टिपणारा हा माणूस हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. मैदानावरच वाढलेला. चेंडूशी त्याची ओळख लहानपणापासून हळूहळू झाली होती. कोणी गरजून करून दिलेली नव्हती. आणि एक्केच काढायचे तर रमण लांबाही आठवावा. १९९८ साली ढाक्यात, षटकाचे थोडेच चेंडू उरलेत म्हणून हेल्मेट न घेता तो याच जागी उभा राहिला. चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. वय ३८.

तेव्हा उपाय अगदी बाळबोध आहे, आणि म्हणूनच बहुधा तो कोणाला रुचत नाही. आधी हेल्मेट, गार्ड, पॅड सगळं चढवा. मग टेनिसचा चेंडू, दहा पावलांवरून, खालून, हळू. लागला तरी काही होत नाही, हे पहारेकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. चेंडूवर शाईने आकडे लिहा आणि येता येता दिसेल तो आकडा मुलाला ओरडायला सांगा. आकडा वाचायचा तर डोळा उघडा लागतोच. ‘मिटू नकोस’ म्हणायची गरजच उरत नाही. झेल सुटला तरी आकडा बरोबर आला की शाबासकी द्या. मग आठ पावलं, सहा, चार. सीझनचा चेंडू सगळ्यात शेवटी. आठवडे लागतील. लागू देत. पोराला काय उद्या ओव्हलवर जायचंय?

सरांना हे पटणार नाही, याची खात्री आहे. मग त्यांनी एवढंच करावं: एक दिवस शिट्टी बाजूला ठेवून स्वतः तिथे उभं राहावं. बॅटिंगला आमच्या तळमजल्यावरचा अकरावीतला मुलगा येईल. त्याचा पुल चांगला आहे.